का बे, कसाय पिक्चर?

शुक्रवारी दुपारी पहिला शो सुटतो आणि टॉकीजच्या फाटकातून माणसं उन्हाला डोळे बारीक करत बाहेर येतात. पुढच्या शोची रांग तिथेच उभी असते. दोन्ही गर्दींमध्ये अंतर असतं चार-पाच पावलांचं, आणि ते ओलांडून एक प्रश्न हमखास येतो, "का बे, कसाय पिक्चर?" उत्तरही तितकंच आखूड. "बघण्यासारखाय." "पहिलाच भारी होता." "नको बे, पैसे घालू नको." विचारणारा आणि सांगणारा एकमेकांना ओळखत नसतात, पुन्हा कधी भेटतही नाहीत. मी सोलापुरात वाढलो, आणि सिनेमा निवडायला मी शिकलो तो या चार-पाच पावलांतच.

हे उत्तर पहिले दोन-तीन दिवस कुणी देऊच नये, अशी मागणी आता रीतसर व्हायला लागली आहे. २०२४ च्या अखेरीस तमिळ निर्मात्यांची एक संघटना त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात गेली. सिनेमा लागल्यावर पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर त्याची परीक्षणं येऊ देऊ नयेत, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने सरसकट बंदी घालायला नकार दिला. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलाने, ४८ तास थांबण्याची शिफारस केली होती. आपल्याकडच्या निर्मात्यांच्या बोलण्यातही हाच सूर ऐकू येतो. एवढे पैसे घालून, एवढ्या माणसांनी वर्षं घालवून सिनेमा करायचा आणि कुणीतरी मध्यंतरातच मोबाइल काढून तो निकालात काढायचा, हा कुठला न्याय?

त्यांचं दुखणं खोटं नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण त्यावरचं हे औषध चुकीचं आहे. आणि दुसरा, तिसरा, पाचवा भाग म्हणून येणाऱ्या सिनेमांच्या बाबतीत तर मला उलटंच वाटतं. तिथे पहिल्याच दिवशी बोललं पाहिजे, आणि त्या मालिकेवर ज्याचं सगळ्यात जास्त प्रेम आहे त्यानेच सगळ्यात आधी बोललं पाहिजे.

पहिल्या तीन दिवसांवर एवढा जीव का, ते समजून घ्यायला २००९ चं भांडण आठवावं लागतं. त्या वर्षी एप्रिलपासून जूनपर्यंत निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात पैशाच्या वाटणीवरून ताणलं गेलं आणि दोन महिने मोठे हिंदी सिनेमे तिथे लागलेच नाहीत. शेवटी तोडगा निघाला. पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नातला ५० टक्के वाटा वितरकाचा, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. म्हणजे सिनेमा जितका जुना होत जाईल तितका त्यांचा वाटा उतरत जाणार. मग सगळी ताकद पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारवर लागली, तर नवल नाही. पाच-सहा हजार पडद्यांवर एकाच दिवशी सिनेमा लावायचा आणि लोकांना एकमेकांना विचारायला वेळ मिळायच्या आत गल्ला भरून घ्यायचा. त्यासाठी लोकांच्या आधीपासून ओळखीचं नाव लागतं. नव्या गोष्टीची ओळख करून द्यायला वेळ आणि पैसा जातो, जुन्या नावापुढे नुसता आकडा लावला की पुरतं. मालिकांचं पीक आलंय ते यामुळे. लेखकांकडची कल्पनाशक्ती आटली म्हणून आलंय, असं मला वाटत नाही.

आमच्या लहानपणी हे गणित सोलापुरात लागूच नव्हतं. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या आधी मुंबई-पुण्यात फिरायच्या, आमच्याकडे यायला काही आठवडे जायचे. त्याआधी त्याचं मत गावात पोचलेलं असायचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून आलेला कुणाचा तरी मामा किंवा पुण्यात शिकणारा कुणाचा तरी भाऊ सांगायचा, अमुक पिक्चर लागला की चुकवू नको, तमुक लागला तर घरी झोप. भागवत टॉकीजच्या एका आवारात एकापेक्षा जास्त पडदे होते, मल्टिप्लेक्स हा शब्द आमच्या कानावर यायच्याही आधीपासून. तिथे कुठल्या पडद्याखाली जायचं हे या मामा-भावांच्या सांगण्यावरून ठरायचं. आधी मत यायचं, मग सिनेमा. तरी त्याने सिनेमा मेला असं कुणी म्हणालं नाही. चांगल्या सिनेमाला उलट पहिल्या दिवसापासून हाऊसफुल्लचा बोर्ड लागायचा, कारण लोक वाटच बघत बसलेले असायचे.

आता सिनेमा मुंबईत लागतो त्याच सकाळी सोलापुरात लागतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मत सांगायलाही तीन दिवसांची बंदी आली, तर त्याचा अर्थ एवढाच होईल की पहिल्या तीन दिवसांत आमच्या गावातल्या माणसाने डोळे मिटून पैसे द्यायचे. आंधळेपणाने द्यायचे ते पैसे कुणाचे असतात, हे बघायला हवं.

आमच्या गल्लीत एक अक्का राहतात. साठीच्या आसपासच्या, विड्या वळतात. हजार विड्या वळायच्या म्हणजे दिवस सरतो. कारखान्यात त्या मोजून घेतात, खराब बाजूला काढतात आणि मग पैसे लावतात. अक्कांना सिनेमाचं वेड आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, टीव्हीवर हिंदी, तिन्ही भाषांतले हीरो त्यांना नावानिशी ठाऊक. त्या वर्षातून चार-पाच सिनेमे टॉकीजला जाऊन बघतात, त्यापलीकडे परवडत नाही. तिकीट शंभराच्या पुढे गेलं की त्यात १८ टक्के जीएसटी, शिवाय येण्या-जाण्याची रिक्षा. एक सिनेमा म्हणजे त्यांच्या हजारभर विड्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून अक्का आधी चार जणांना विचारतात. या विचारण्यावर बंदी घालायची, आणि तीही कलेच्या रक्षणासाठी, हे मला पटत नाही.

सोलापुरात या विचारण्याला आणखी एक पदर आहे, तो बाहेरच्यांना चटकन कळत नाही. आमच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या तेलुगू बोलली जाते, पलीकडे कन्नड आहे, मराठी सगळीकडे. मोठा दाक्षिणात्य सिनेमा आला की इथे तो तेलुगूतही लागतो आणि हिंदीतही. त्यामुळे "कसाय?" च्या आधी दुसरा प्रश्न येतो, "कुठल्या भाषेत बघितलास?" आणि तो विचारलाच पाहिजे. एकाच सिनेमाच्या तेलुगू शोला ज्या वाक्यावर शिट्ट्या पडतात, त्याच वाक्यावर हिंदी शोला लोक गप्प बसलेले मी पाहिलेत. ओठ एक म्हणतात, आवाज दुसरं. काही वेळा उलटंही होतं. ‘बाहुबली’ला हिंदीत शरद केळकरांचा आवाज होता, ‘पुष्पा’ला श्रेयस तळपदेंचा, आणि मूळ तेलुगू कळणारी आमच्या मागाच्या कारखान्यातली माणसंसुद्धा म्हणाली की हा आवाज शोभतोय. हा फरक मुंबईतला समीक्षक सांगत नाही, हैदराबादचाही सांगत नाही. तो सोलापूरच्या प्रेक्षकानेच सोलापूरच्या प्रेक्षकाला सांगायचा असतो, आणि तो पहिल्याच दिवशी कळला तर उपयोग.

मत सांगितलं म्हणजे रहस्य फोडलं, असा एक गोंधळ मुद्दाम केला जातो. हॉलिवूडच्या सुपरहीरोंच्या एका मोठ्या मालिकेचा शेवट २०१९ मध्ये आला, तेव्हा दिग्दर्शकांनी चाहत्यांना पत्र लिहून विनंती केली होती की गोष्ट फोडू नका. ती विनंती रास्त होती आणि पुष्कळांनी पाळलीही. पण गोष्ट न फोडता मत देता येतं, हे आमच्या रांगेतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न देशाने जवळपास पावणेदोन वर्षं उराशी धरला. २८ एप्रिल २०१७ ला दुसरा भाग लागला. ऊन चाळिशीपार गेलेलं. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते, डोक्यावर ओला टॉवेल, हातात पाण्याची बाटली. आदला शो सुटला तसा त्यांनी बाहेर येणाऱ्या एका पोराचा दंडच धरला. "का मारला बे त्याला?" पोरगं थांबलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे अजून आतल्या अंधारातच होते. म्हणालं, "काका, ते नाही सांगणार. पण कारण पटतंय. लढाई शेवटी जरा लांबवलेत, बाकी पैसे वसूल." आणि गेलं. तीन वाक्यांत त्याने रहस्य राखलं, गुण सांगितला, दोष सांगितला. अख्खं पान भरून लिहिलेली कितीतरी परीक्षणं मला त्या तीन वाक्यांएवढी कामाची वाटलेली नाहीत.

या पोराच्या जागी आता दुसरंच पोर उभं राहायला लागलं आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. आमच्या कारखान्यातल्या एका तरुण जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, मी मध्यंतरी विचारलं, अमुक पिक्चर कसा वाटला? तो म्हणाला, "पहिल्या दिवशी एवढे कोटी, दुसऱ्या दिवशी एवढे, आठवड्यात एवढे." मी म्हटलं, ते राहू दे, तुला काय आवडलं? तो गप्प. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "अहो, रेकॉर्ड मोडलाय की." २००८ मध्ये ‘गजनी’ने शंभर कोटींची निव्वळ कमाई करणारा पहिला हिंदी सिनेमा म्हणून मान मिळवला, आणि तेव्हापासून हा आकड्यांचा खेळ निर्मात्यांच्या कचेरीतून निघून थेट मागाच्या खात्यापर्यंत आला. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या या मुलाला त्या कोटींतला एक रुपयाही मिळणार नाही. त्याच्याकडे होतं ते स्वतःचं मत, आणि त्याच्या जागी दुसऱ्याच्या ताळेबंदाचा अभिमान येऊन बसला. मी कारखान्यात हिशेबच लिहितो. ताळेबंदात काय असतं आणि काय नसतं, हे मला माहीत आहे. आकडा किती तिकिटं खपली ते सांगतो. बाहेर पडताना माणसाचा चेहरा कसा होता, ते कुठल्याच खतावणीत उतरत नाही.

चाहता म्हणजे बाजू घेणारा, अशी समजूत पक्की होत चालली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी मी एका लोकप्रिय मालिकेच्या ताज्या भागाबद्दल ओळखीच्या चाहत्यांच्या मंडळात बोललो. आधीचे सगळे भाग मी पहिल्या दिवशी पाहिलेले, एक तर तीनदा. म्हणालो, यावेळी गोष्टच नाही, जुने प्रसंग पुन्हा जुळवलेत, पाहुणे कलाकार आणून टाळ्या घेतल्यात. शांतता पसरली. मग एकाने विचारलं, "तुम्ही दुसऱ्या हीरोचे का?" दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद. ज्या पोरांबरोबर मी चौकात डिजिटल बोर्ड बांधायला शिडीवर चढलो होतो, तीच पोरं तोंड फिरवायला लागली. मला ते लागलं. आजही लागतं.

हे प्रेम नुसतं टोकाला गेलं तर काय होतं, ते ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या संध्या थिएटरबाहेर दिसलं. ‘पुष्पा २’च्या आदल्या रात्रीच्या खेळाला चेंगराचेंगरी झाली, एका बाईचा जीव गेला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक तिकडे आहेत. त्या रात्री इथे फोन वाजत होते. सिनेमा चांगला की वाईट, हा प्रश्न त्या गर्दीत नव्हताच.

मालिकेच्या दुसऱ्या भागाचं तिकीट विकलं जातं ते पहिल्या भागाने कमावलेल्या विश्वासावर. हा विश्वास कुणाचा? बघणाऱ्यांचा. म्हणून त्याचा हिशेब मागायचा पहिला हक्कही त्यांचाच. ‘झपाटलेला’ १९९३ चा, दुसरा भाग २०१३ मध्ये आला. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ चा, दुसरा २०२४ चा. दोन्हींत वीस वर्षांचं अंतर. एवढी वर्षं लोकांनी ते सिनेमे टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघून, लग्नाच्या पंगतीत त्यातली वाक्यं म्हणून जिवंत ठेवले. वीस वर्षं सांभाळलेलं माणूस परत भेटायला येतं तेव्हा आपण त्याच्याशी खरं बोलतो. तब्येत उतरली असेल तर "उतरलीय" म्हणतो. सगळं छान म्हणत राहायचं, ते परक्याशी.

खरं बोलल्याने मालिका सुधारते, याचा मला आवडणारा दाखला जेम्स बाँडचा आहे. १९६२ ते २०२१ या काळात या अधिकृत मालिकेचे २५ सिनेमे आले. २००२ च्या भागाने गल्ला उत्तम जमवला, पण त्यातल्या अदृश्य होणाऱ्या मोटारीवर आणि खोट्या दिसणाऱ्या करामतींवर बाँडच्या जुन्या चाहत्यांनीच तोंडसुख घेतलं. निर्माते पैसे मोजत बसू शकले असते. त्यांनी २००६ मध्ये नवा नट घेतला आणि ज्याला लागतं, रक्त येतं, असा बाँड पहिल्यापासून उभा केला. इतरही कारणं होती त्यामागे, पण चाहत्यांची नाराजी त्यांच्या कानावर गेली होती हे नक्की. याच्या उलट गेल्या वर्षीचं बघा. जून २०२५ मध्ये ‘हाऊसफुल ५’ एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या शेवटांसह लावला गेला, खुनी या शोला एक आणि त्या शोला दुसरा. गोष्ट पूर्ण कळायला दोन तिकिटं. मला हा प्रेक्षकाच्या खिशावर ठेवलेला डोळा वाटला आणि मी तो तसाच बोलून दाखवला.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते. सिनेमा न बघता शिव्या घालणारे आहेत. पैसे घेऊन कौतुक करणारे आहेत, पैसे न मिळाल्यास धमकावणारेही आहेत असं म्हणतात. एका नटाचे चाहते दुसऱ्याच्या सिनेमाला लागायच्या आधीच रात्रीतून एक तारा देऊन ठेवतात. हे सगळं वाईट आहे, आणि त्याला धरायला रस्ते आहेत. बदनामी, खंडणी यांना कायदा आहे. तिकीट घेतलेल्यालाच तारे देता येतील अशी सोय करता येते. पण चोर सापडत नाही म्हणून सगळ्या गल्लीचे दिवे घालवायचे नसतात. शिवाय बंदी आली तर गप्प कोण बसेल? अक्का बसतील, ते टॉवेलवाले काका बसतील. पैसे घेऊन बोलणाऱ्यांचं कौतुक तर त्या तीन दिवसांतही जाहिरात म्हणून चालूच राहील.

शिवाय मतांनी सिनेमे मरतात, हे अर्धंच खरं आहे. मतांनी सिनेमे उठूनही बसतात. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही. ज्यांनी पाहिला ते गप्प बसले नाहीत. सहा वर्षं एकमेकांना सांगत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा टॉकीजला लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये आला, त्यात शुक्रवारी गल्ला ओढणारा कुणी हीरो नव्हता. पहिल्या शोला गेलेल्या बायकांनी घरी येऊन फोन केले, भिशीत सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात नऊवाऱ्या नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळके टॉकीजला निघाले. आणि ‘सैराट’चं तर आम्ही आमच्या दारातच पाहिलं. जेऊरचा दिग्दर्शक, अकलूजची मुलगी, करमाळ्याकडचं रान. २०१६ च्या उन्हाळ्यात गावोगावचे लोक टेम्पो करून शहरात सिनेमा बघायला येत होते. त्यांना बोलावलं होतं आधी बघून गेलेल्या शेजाऱ्यांनी. तीन दिवस ते शेजारी गप्प बसले असते तर?

चांगल्या सिनेमाचं हे असं होतं, त्याला पहिल्या तीन दिवसांचं बोलणं तारतं. कच्च्या सिनेमाला मात्र तीन दिवसांची शांतता हवी असते.

गेल्या महिन्यात अक्कांनी मला हाक मारली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं चालूच. त्यांच्या लाडक्या हीरोचा नवा भाग लागला होता. "बघितलास? जाऊ काय?" मी शुक्रवारीच जाऊन आलो होतो. म्हटलं, "अक्का, पहिल्या भागाएवढा नाही. मध्यंतरानंतर रेंगाळतो. मारामाऱ्या जास्त, गोष्ट कमी. जायचं तर तेलुगू शोला जा, हिंदीत मजा नाही." त्यांनी ऐकून घेतलं, विडीला दोरा गुंडाळला आणि म्हणाल्या, "बघते."

रविवारी त्या आणखी तिघींना घेऊन गेल्या, तेलुगू शोलाच. संध्याकाळी मी कोपऱ्यावर दूध घ्यायला उभा होतो तर रिक्षातून उतरल्या. मला बघून तिथूनच ओरडल्या, "तू लै वाईट सांगितलास की रे! शेवटी रडवलं आम्हाला त्याने." मग रस्ता ओलांडून माझ्याजवळ आल्या आणि शेवटच्या प्रसंगात मी काय बघायचं राहिलो, ते मला समजावून सांगायला लागल्या.